बसवलेली रेघ

मायक्रोवेव्हमध्ये सोनलचा डबा फिरत होता आणि शैलजा रिकामा कप घेऊन तिच्या मागे उभी होती. कॉफीचं मशीन पलीकडच्या भिंतीला होतं, त्यामुळे तिला तिथे उभं राहायचं तसं काही कारण नव्हतं.

"तुम्हाला काही गरम करायचंय का, मॅडम?" सोनलने बाजूला सरकत विचारलं.

"नाही गं, होऊ दे तुझं." थोडं थांबून शैलजा म्हणाली, "सेमिनारला येणारेस ना?"

"यावंच लागेल. सगळं डिपार्टमेंट येतंय." सोनलने डबा काढला, झाकण उघडलं, वाफेतून तोंड बाजूला घेतलं. "वांग्याची भाजी आहे. देऊ थोडी?"

या पोरीने आपल्यावर एकदा चिडावं, दार आपटावं, निदान भाजी तरी विचारू नये, असं शैलजाला महिनाभर वाटत होतं. पण सोनल मेश्राम चिडत नव्हती. वेळेवर येत होती, प्रबंधाची प्रकरणं वेळेवर देत होती आणि पूर्वीसारखीच 'मॅडम' म्हणत होती. शिकागोच्या या विद्यापीठात बाकीचे विद्यार्थी शैलजाला नावाने हाक मारायचे. नागपूरहून आल्यापासून सोनलने 'मॅडम' सोडलं नव्हतं, आणि शैलजानेही कधी 'सोड' म्हटलं नव्हतं.

शैलजाचं आयुष्य ज्या कामात गेलं ते पुण्याच्या नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता. दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर सोडले की ते समोरासमोर आदळतात, असं लोकांना वाटतं. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा ते एकमेकांना घासून जातात, थोडे मंद कण इकडेतिकडे सांडतात आणि कार्यक्रम संपतो. मोठी नावं होतात ती समोरासमोरच्या टकरींवर. शैलजाच्या वाट्याला हा सांडलेला पसारा आला होता. त्याचं गणित समीकरणांतून सरळ सुटत नाही. मग संगणकावर त्याचं एक मॉडेल करायचं, त्याला काही बटणं ठेवायची, आणि मॉडेलची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांवर बसेपर्यंत ती पिळत राहायचं. याला ट्यूनिंग म्हणतात. शैलजाचं ट्यूनिंग जगभर वापरलं जाई. रेघ बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, हे तिच्याशी न पटणारेही मान्य करत, आणि तिलाही ते ऐकायला आवडे.

दोन वर्षांपूर्वी सोनल लॅपटॉप उघडा धरूनच तिच्या खोलीत आली होती.

"मॅडम, इथे बसत नाहीये."

"कुठे?"

"फक्त गर्दीच्या टकरींमध्ये. जिथे खूप कण निघतात ना, तिथे जड कण मॉडेलपेक्षा जास्त दिसतात. आणि गर्दी वाढली की गॅप वाढतोच. मी डेटा परत परत चेक केला. मला वाटतं, काहीतरी आहे इथे."

शैलजाने चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावर नजर टाकली आणि हसली. "अगं, आपल्या कामात दहा टक्के इकडेतिकडे चालायचंच. प्रत्येक गॅपमध्ये नवीन फिजिक्स नसतं. त्या भागाचं वजन कमी कर, ते बटण जरा वर घे. बसेल."

वजन म्हणजे रेघ बसवताना कुठल्या ठिपक्यांचं किती ऐकायचं ते. ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पुढच्या आठवड्यात सोनल तोच आलेख घेऊन पुन्हा आली. तेव्हा शैलजा म्हणाली, "आधी थीसिस पूर्ण कर बाई. शोध लावायला आयुष्य पडलंय." सोनलही हसली. वजन कमी झालं, बटण वर गेलं, रेघ अशी बसली की बघत राहावं. "बघ, बसली की नाही?" असंही शैलजा म्हणाली होती. हे वाक्य तिला आता अंघोळ करताना, गाडी चालवताना, कुठेही आठवायचं आणि तिचे कान गरम व्हायचे.

कारण महिन्याभरापूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका गटाचा पेपर आला होता. त्यात म्हटलं होतं की गर्दीच्या टकरींत कणांमधले ताणलेले धागे सुटेसुटे तुटत नाहीत, ते एकमेकांना धरतात, आणि त्यातून जड कण जास्त निघतात. हुबेहूब तोच गॅप. गटाचा प्रमुख एरिक, त्याचंच आज व्याख्यान होतं.

चूक कोणाच्या हातून होत नाही? असं स्वतःला सांगून शैलजाने पाहिलं. ते टिकलं नाही. कारण त्याच वर्षी शंतनूने, तोही तिचाच विद्यार्थी आणि पुण्याचा, एक वाकडा ठिपका आणला होता आणि तिने त्याला सबंध उन्हाळा त्याच्या मागे लागू दिलं होतं. शेवटी तो बिघडलेला डेटा निघाला. तरी 'पोरगा धडपड्या आहे' असं ती कौतुकाने सांगत फिरली. मग सोनललाच तेवढा थीसिसचा उपदेश का? पहिल्या भेटीत तिने विचारलं होतं, "मेश्राम म्हणजे नागपूरचे का?" सोनलने मोकळेपणाने सांगितलं होतं, "हो, जय भीमवाले." त्यावर शैलजा घाईघाईने म्हणाली होती, "अगं, मी तसलं काही मानत नाही हं." कोणी विचारलं नव्हतं. आणि ती खरंच मानत नव्हती, म्हणजे तिची तशी समजूत होती. पोरीने कष्ट करावेत, चांगली पदवी घ्यावी, नोकरीला लागावं, एवढं तिने मनापासून चिंतलं होतं. शोधाची अपेक्षा मात्र तिने शंतनूकडून ठेवली होती. हे लक्षात आलं त्या दिवशी तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की घरात नवऱ्याशी धड बोलवेना.

"सोनल," ती म्हणाली. सोनल पहिला घास घेत होती. "मी आज तिथे सांगणार आहे. की तू हे आधी पाहिलं होतंस, आणि मी तुला थांबवलं."

सोनलने घास गिळला, पाणी प्यायली.

"नको, मॅडम."

"अगं, पण ते तुझं आहे. लोकांना कळायला नको?"

"काय कळेल?" सोनलचा आवाज चढला नाही. "अध्यक्ष म्हणून होल्ट असणार तिथे. नेपरव्हिलच्या लॅबमधून त्या दोघी येतायत. तिघांकडे माझं नोकरीचं अप्लिकेशन आहे, पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू. तुमचं चुकलं असं कोणी नाही म्हणणार. तुम्ही मोठ्या आहात, उलट किती ऑनेस्ट म्हणतील. माझ्याबद्दल म्हणतील, हिला दिसलं होतं आणि हिने सोडून दिलं. हिच्यात दम नाही. त्यापेक्षा दिसलंच नाही हे बरं. दिसलं तर कोणालाच नव्हतं."

शैलजाने हातातला रिकामा कप ओट्यावर ठेवला.

"आणि नोकरी नाही लागली तर मला परत जावं लागतं," सोनल म्हणाली. "तुम्ही सांगितलं की तुम्हाला हलकं वाटेल, मॅडम. ते समजतंय मला. पण प्लीज राहू द्या ते."

तिने डब्याचं झाकण लावलं. भाजी तशीच होती.

हॉल भरला होता. सोनल दुसऱ्या रांगेत बसली, शैलजा मागे भिंतीजवळ. एरिक चांगलं बोलत होता, भाव न खाता. मध्येच त्याने शैलजाच्या ट्यूनिंगची रेघ दाखवली, तिचं नाव घेऊन आदराने म्हणाला की इतकी सुरेख बसलेली रेघ समोर असल्यामुळे खाली काही दडलं असेल अशी शंका यायला आम्हालाही वेळ लागला. लोक हसले. शैलजाकडे वळून दोघातिघांनी मानाही डोलावल्या. ती हसण्याचा प्रयत्न करत राहिली.

प्रश्नांच्या वेळी अध्यक्ष होल्ट स्वतःच म्हणाले, "मला हे कळत नाही, इतकी वर्षं हे कोणालाच कसं दिसलं नाही? जगात सगळ्यात जास्त वापरलेलं ट्यूनिंग तर याच इमारतीत झालंय."

शैलजाचा हात वर गेला. तिने ठरवून केला नव्हता. दुपारी ऐकलेलं सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. तिला फक्त उभं राहून नाव घ्यायचं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून सोनल बोलली, स्वच्छ, न अडखळता. "त्या ट्यूनिंगचं काम मीही केलं होतं. रेघ बसवताना आम्ही त्या भागाचं वजन कमी ठेवलं होतं, त्यामुळे तिथला गॅप झाकला गेला. आम्हाला तो दिसला नाही."

"ते समजण्यासारखं आहे," एरिक सौजन्याने म्हणाला. "सगळेच तसं करतात."

"हो," सोनल म्हणाली. "तुमचं काम फार सुंदर आहे."

होल्टांनी हॉलभर नजर फिरवली. "शैलजा, तुमचा हात वर आहे. काही जोडायचंय?"

सगळ्या माना मागे वळल्या. सोनल तेवढी वळली नाही. तिचा मानेवरचा अंबाडा आणि ताठ बसलेले खांदे शैलजाला दिसत होते.

"तिसऱ्या आलेखात," शैलजा म्हणाली, "ज्या उभ्या रेघा आहेत, त्रुटी दाखवणाऱ्या, त्यात उपकरणाची त्रुटी धरली आहे का?"

पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असा प्रश्न विचारणार नाही. उत्तर आलेखाखाली लिहिलेलंच होतं. एरिकने तरी तो आलेख पुन्हा पडद्यावर आणला आणि त्या ओळीवर लाल ठिपका धरला. "हो, धरली आहे."

शैलजा 'थँक यू' म्हणाली. हात अजून वरच होता. तो तिने खाली घेतला.