चौतीस श्वास

मी घड्याळ बोलतोय. या वॉर्डात माझ्याइतकं शिकलेलं कुणी नाही. मोठे डॉक्टरसुद्धा मान वर करून मलाच विचारतात. शिक्षण म्हणाल तर आकडे बारापर्यंत. पुढचं काही डोक्यात शिरलं नाही.

कारखान्यातून आलो तो थेट या खिळ्यावर. समोर ऑपरेशन झालेल्यांच्या खाटा. जुन्या सिस्टर माझ्यावर श्वास मोजायच्या. मोजतायत हे पेशंटला कळलं, तर तो मुद्दाम शहाण्यासारखा श्वास घेतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवून त्या मनगट धरायच्या आणि नजर ठेवायच्या छातीवर. पूर्ण मिनिटभर. आमची दोघांची ही लबाडी!

त्या निवृत्त झाल्या. बोटाला लावायचा, ऑक्सिजन दाखवणारा चिमटा आला, आणि कागदावर न मोजताच सगळ्यांचे श्वास अठरा झाले. कण्हणाऱ्याचे अठरा, घोरणाऱ्याचेही अठरा. मला कुणी विचारेना, मग मीही चाळे सुरू केले. हळूहळू पाच मिनिटं पुढे सरकलो. भेटायला आलेल्यांची वेळेआधीच हकालपट्टी! काय हसायचो.

परवा टेलरकाकांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. टाके ओढले जायचे म्हणून ते वरवर श्वास घ्यायचे. आज दुपारी बायकोला म्हणाले, "तुझे कपडे..." थांबले. "...घट्टच शिवले." पुन्हा थांबले. "कापड... वाचवायला."

"ते मला लग्नापासून माहितीये," काकू म्हणाल्या. पण त्यांची नजर काकांच्या उडणाऱ्या खांद्यांवर होती. माझ्याकडे बघत त्यांनी ओठांनी मोजलं.

"सिस्टर, मिनिटाला चौतीस!"

"चिमट्यावर शहाण्णव आहे, काकू. छान आहे."

नाकातल्या ऑक्सिजनने तो आकडा सावरून धरला होता.

"पण श्वास बघा ना एकदा."

"या घड्याळावर मोजलेत? ते खोटारडं आहे, पाच मिनिटं पुढे असतं."

अहो, मी पुढे असलो तरी माझं मिनिट मिनिटाएवढंच! पण ओरडू कशाने? टिकटिक केली. ती तर रोजचीच.

कागदावर अठरा लिहिले गेले.

संध्याकाळी काका निळे पडले. डॉक्टर धावले, छाती दाबली, घशात नळी घातली. शेवटी माझ्याकडे बघून त्यांनी वेळ लिहिली. तीही पाच मिनिटं पुढची.

आता मला उतरवा हो कुणीतरी. कुणाची थट्टा करायची हौस राहिली नाही.

सिस्टर रडत होती. "वीस खाटा आणि मी एकटी, काकू. प्रत्येकाला मिनिट कुठून आणू?"

काकूंनी काकांचा हात पांघरुणात सरकवला.

"मिनिट मी दिलं होतं, पोरी. तू नुसतं बघायचं होतंस."