मलिका सिस्टरची शिकायची रजा

रजा मंजूर झाल्यावर मलिकाने पहिलं काम केलं ते झोपायचं. लातूरच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ड्यूट्या करून करून तिची झोप अशी झाली होती की कुठे ट्रॉलीचं चाक वाजलं तरी ती उठून बसायची. त्या दिवशी मात्र नवरा नासिर दुकानातून आला, त्याने स्वतःच चहा करून घेतला, तरी तिला जाग आली नाही.

दवाखान्याने नवा नियम केला होता. कामाला उपयोगी पडणारा कोर्स करायचा असेल तर तीन महिने रजा, आणि पगार चालू. बाकीच्या सिस्टर डायलिसिस नाहीतर आयसीयूचे कोर्स बघत होत्या. मलिकाने नांदेडचा सांकेतिक भाषेचा कोर्स मागितला. बाळंतपणात याचा काय उपयोग, असं मेट्रनबाईंनी विचारलं. तेव्हा तिने मागच्या उन्हाळ्यात आलेल्या बाईची आठवण करून दिली. त्या बाईला ऐकू येत नव्हतं. सगळ्याजणी तिच्यावर ओरडत होत्या आणि ती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. बाळ चांगलं झालं, बाई घरी गेली, पण आपल्याला काय सांगत होत्या हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मेट्रनबाईंनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. मलिकाच्या ड्यूट्या दानम्मा सिस्टरने अंगावर घेतल्या.

नांदेडात ती नणंदेकडे, जेबाआपाकडे राहिली. वर्ग एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणारे रविकिरण सर जन्मापासून ऐकू न येणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘इथे आवाज बंद’. नाकाच्या चमकीपाशी बोट नेलं की बाई, ओठावर मिशीसारखं फिरवलं की पुरुष. प्रश्न विचारायचा तो भुवयांनी. नाव घ्यायचं तेही माणसाच्या एखाद्या खुणेवरून, हातांनीच. मलिकाचे हात कामाला सरावलेले, पण बोलायला लागले की लहान पोरासारखे अडखळायचे.

हळूहळू तिला एक वेगळीच सवय लागली. वर्ग सुटल्यावर ती गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायची आणि आवाज तिच्यापासून लांब जायचे. रस्त्यावरचे ऑटो पाण्याखालून जावेत तसे सरकायचे. फुलवालीच्या बोटांत गजरा गुंफला जाताना ती बोटं जणू काही सांगत असायची. पैलतीरावर कोणीतरी धुतलेलं लुगडं झटकलं की मलिकाला वाटायचं, वाक्य संपलं. कोणी हाक मारत नव्हतं, कुठली घंटा वाजत नव्हती. इतकं रिकामं बसून पगार घ्यायचा याची तिला लाज वाटायची. एकदा तिने आपाला तसं सांगितलं.

“शिकून राहिलीस न तू?” आपा भाकरी उलटत म्हणाली. “मग बसून कुठं हायस?”

पावसाळा सरता सरता तिला एक स्वप्न पडलं. तिची अम्मी, वारलेली, तांदूळ धुता धुता तिच्याशी हातांनी बोलत होती. अम्मीला ही भाषा कधी येत नव्हती. पण स्वप्नात ती सफाईने बोलत होती, आणि प्रत्येक शब्दाबरोबर बोटांवरून पाण्याचे थेंब उडत होते. अम्मी काय म्हणाली ते सकाळी आठवेना. थेंब मात्र आठवत होते.

तिने ते स्वप्न सरांना हातांनीच सांगितलं. सर हसले. “माझ्या स्वप्नात सगळ्यांनाच ही भाषा येते,” त्यांचे हात म्हणाले. “दुकानदाराला येते. एसटीच्या कंडक्टरलाही येते.”

लातूरला परतल्यावर कितीतरी आठवडे ऐकू न येणारी एकही बाई आली नाही. सिस्टर चेष्टा करायच्या. आपली बोटं विसरून जातील या भीतीने मलिका पाळण्यातल्या बाळांशीच हातांनी बोलायची. ती बाळं गंभीर डोळ्यांनी तिच्या बोटांकडे बघत राहायची.

मग एका दुपारी अहमदपूरकडची पूनम आली. सोबत सासू, यशोदाबाई. कळा सुरू झाल्या होत्या. सुनेला ऐकू येत नाही हे माहीत असूनही काळजीपोटी सासू मोठमोठ्याने बोलत होती. मलिका पलंगासमोर उजेडात उभी राहिली आणि तिने हातांनी विचारलं, कुठे दुखतंय?

पूनम त्या हातांकडे बघतच राहिली. मग तिचे हात असे भरभर सुटले की मलिकाला तिला थांबवावं लागलं, हळू, बाई, हळू, मी नवी आहे. त्यानंतर सगळं नीट झालं. जोर कधी लावायचा, कधी थांबायचं, पूनम तिच्या हातांवरून वाचत गेली. ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा मुलगी झाली.

पूनमने विचारलं, रडली का?

रडली, मलिकाने सांगितलं.

कशी?

हे काही वर्गात शिकवलं नव्हतं. मलिकाने दोन-तीन खुणा शोधल्या आणि सोडून दिल्या. मग तिने पूनमचा तळवा उचलून बाळाच्या पाठीवर ठेवला. ती एवढीशी पाठ आतून थरथरत होती, क्षणभर थांबून पुन्हा थरथरत होती. पूनमने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मलिका वॉर्डात आली, तर पूनम बाळाच्या हनुवटीवरच्या खळीकडे बघत होती. तिने स्वतःच्या हनुवटीला बोट टेकवून ते जरासं फिरवलं, पुन्हा पुन्हा.

“काय म्हणायलीय ती?” यशोदाबाईंनी विचारलं.

“नाव ठेवलंय, मावशी.”

“कोणतं?”

मलिकाने तोंडाने सांगून बघितलं, पण शब्द सापडेना. “हे हातानंच घ्यावं लागतंय,” ती म्हणाली.

यशोदाबाईंनी पदराला हात पुसला. इकडेतिकडे बघत, लाजत त्यांनी आपल्या हनुवटीला बोट लावलं. ते जरा चुकलंच. पूनम हसली आणि पुढे वाकून तिने सासूचं बोट धरून नीट फिरवून दाखवलं.