डाव्या डोळ्याचा समुद्र

मंगळवारी विमलाकाकी कट्टा गावच्या बाजारात गुरुदासच्या स्टेशनरीच्या दुकानात आली आणि तिने पाण्यात कालवायचे रंग मागितले. जिने चाळीस वर्षं मासळी विकली ती रंग मागते, म्हणजे नातवासाठीच असणार, असं धरून गुरुदासने बारा रंगांचा डबा पुढे सरकवला.

"डबो नको माका. सुटे दी. चारांचो वाटो कर."

"रंगांचो वाटो? काकी, हे काय ढिगान विकूचे पेडवे मासे आसत?"

एकेक ट्यूब उचलून काकीने तिचं पोट दाबून पाहिलं, टोपण काढून वास घेतला. गुरुदास नावं वाचायला लागला तेव्हा त्याला गप्प बसवलं. मासळी घेताना तरी ती कुणाला कुठे विचारायची? हात जाईल तो मासा बरा. मात्र हे सगळं ती उजवा डोळा घट्ट मिटून करत होती.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं होतं आणि तेव्हापासून काकीच्या दारात दोन समुद्र आले होते. उजव्या डोळ्याला निळाशार, डाव्याला जुनाच, पिवळट शेवाळी. शुक्रवारी डावा डोळाही साफ होणार होता. व्हायलाच हवा होता, त्याने आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. पण तिचा नवरा, तिचा घोव, गुणाजी सहा वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्या शेवटच्या वर्षांत त्याची होडी तिने येताना पाहिली ती ह्याच शेवाळी पाण्यावर. ते पाणी आता कायमचं जाणार म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता. जाण्याआधी ते कागदावर उतरवून ठेवायचं, एवढाच तिचा हट्ट.

संध्याकाळी ती किनाऱ्यावर बसली. कधी ब्रश धरलेला नाही, पण घाबरते कोण! डाव्या डोळ्याने समुद्र बघितला, डाव्यानेच कागद. तासाभरात रंग जुळला, अगदी हुबेहूब. काकी खूश. मग तिने उजवा डोळा उघडला, तर कागदावर कॅलेंडरमधला निळा समुद्र!

बुधवारी पहिल्या एसटीने ती पुन्हा कट्ट्याला.

"रंग बदललो रे तुझो!"

"रंग कसो बदलतलो, काकी?"

गुरुदासने कागद निरखला. काकीने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. असं चार-पाच वेळा झालं आणि ती एकदम हसायला लागली. लबाडी रंगाची नव्हतीच. डाव्या डोळ्याने समुद्र पिवळा केला होता, तसा कागदही, म्हणून तिथे निळाच रंग जुळला होता. ज्या डोळ्याच्या भरवशावर ती जन्मभर बाजारात फसली नाही, त्यानेच तिला स्वतःच्या दारात फसवलं होतं.

"दर्यो ह्या डोळ्यान बघूचो, आणि कागद त्या!" आधी डाव्या, मग उजव्या डोळ्यावर बोट ठेवत ती म्हणाली. "माका आता मातीचो रंग दी. आणि तो चायसारखो."

"दर्याक माती?" गुरुदासला राहवेना. पण ट्यूबा काढताना त्यानेही हळूच एक डोळा मिटून पाहिला.

बुधवार, गुरुवार दोन्ही संध्याकाळी काकी एका हाताने डोळे आलटून पालटून झाकत बसली. निळ्यात माती, मातीत थोडा हिरवा, मग चहाचा एक थेंब. सहा कागद वाया गेले. सातव्यावर समुद्र आला.

शनिवारी दवाखान्यात पट्टी सुटली. खिडकीबाहेरचं आकाश दोन्ही डोळ्यांना सारखंच निळं होतं. काकीने आधी नर्सला पिशवीतून कागद काढायला लावला आणि तो समोर धरला. शेवाळी पाणी होतं तसंच होतं.

नर्सने वाकून पाहिलं. "आजी, हा चिखल काढलाय का?"

"चिखल न्हय गो," काकी म्हणाली. "माझो घोव ह्याच पाण्यातसून घराक येय."