पापुद्र्याखालचा पिझ्झा

मित्रांनो, मी धर्माबादकडचा एक जुना लोखंडी तवा आहे. लोहारानं मला घडवलं तेव्हा केवळाबाई नवी नवरी होती. आता तिची नात ऋतुजा विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. मधल्या वर्षांत किती भाकरी भाजल्या ते विचारू नका, तुमचं गणित बिघडेल. मग घरात नॉनस्टिक बाईसाहेब आल्या आणि मी गेलो न्हाणीमागं, गंज खात. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं.

गेल्या वर्षी एका शनिवारी ऋतुजा रडवेली होऊन घरी आली. कॉलेजात गावोगावच्या पिझ्झ्यांचा मेळावा होता. नेपल्सचा पातळ, रोमचा चौकोनी, शिकागोचा जाडजूड, सगळे पोरांनी वाटून घेतले होते. हिनं तोऱ्यात लिहून दिलं, 'धर्माबादी पिझ्झा'. सगळा वर्ग हसला. उद्या तो करून दाखवायचा होता, आणि असा पिझ्झा जगात कुठं नव्हताच.

"त्यात काय, भाकरच हाय की," केवळाबाई म्हणाली. तिनं मला घासलं, तेल पाजलं आणि चुलीवर चढवलं. ऋतुजानं ज्वारीच्या भाकरीवर कांदा, टोमॅटो, चीज मांडलं. केवळाबाईनं सवयीनं ती सरळ उलथली! सगळा पसारा माझ्या अंगाला चिकटला.

"आज्जी, पिझ्झा उलथत न्हाईत गं."

"उलथल्याबिगर भाकर फुगंल कशी?"

दुसरी भाकर टम्म फुगली आणि ऋतुजा बघतच राहिली. लहानपणी आजी पापुद्रा उचलून आत तेल-चटणी भरून द्यायची, ते तिला आठवलं. तिनं पापुद्रा उचलला, लाल मिरचीचा ठेचा आणि चीज आत सारलं, अन् भाकर पुन्हा माझ्यावर टेकवली. काय वास सुटला म्हणून सांगू!

रविवारी केवळाबाईच्या मांडीवर बसून मी एसटीनं विष्णुपुरीला गेलो. परीक्षक सौदामिनी मॅडमनी आमच्याकडं एक नजर टाकली. "ही तर साधी भाकरी," असं म्हणून त्या पुढं निघाल्या. ऋतुजाचा चेहरा पडला.

"थांबा बाई," केवळाबाई म्हणाली, "आधी पापुद्रा उचलून तर बघा."

मॅडमनी उचलला. चीजची लांब तार निघाली. एक घास खाऊन त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि दुसरी भाकर मागितली. बक्षीस रोमला गेलं, पण रांग माझ्यापुढं होती. शिकागोवाली पोरंसुद्धा ताटल्या घेऊन उभी होती. यंदा मेळाव्याची यादी छापून आली: नेपल्स, रोम, शिकागो, धर्माबाद.

मित्रांनो, तुमच्याही न्हाणीमागं माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला घासा, तेलाचा हात फिरवा. वरचा गंज बघून पुढं निघू नका. केवळाबाई म्हणते तसं, आधी उचलून तर बघा.