फोकसची चकती

"काय धाड भरली ह्येंका मेल्यांका?" चंद्रप्रकाश वायरींवर पुटपुटला. चिडला की त्याच्या तोंडात थेट गावची मालवणी यायची. सुगंधा त्याच्या खांद्याला खेटून, मोबाइलचा उजेड धरून बसली होती, म्हणून ते फक्त तिलाच ऐकू आलं. तिने उजेड नवऱ्याच्या बोटांवरून हळूच वायरींवर सरकवला.

मालाडच्या त्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर हल्ली जेवण सोडून सगळं असायचं. चंद्रप्रकाश सिनेमाच्या युनिटमधला फोकस पुलर. नट चालत कॅमेऱ्याकडे आला की अंतराच्या अंदाजाने लेन्सची रिंग फिरवायची आणि त्याचा चेहरा धूसर होऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, चुकलं तर सगळं युनिट वळून बघतं. "म्हणजे स्वयंपाकासारखंच की," सुगंधा म्हणायची.

सुशांत हा त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा. आता स्वतः कॅमेरामन झाला होता आणि अंधेरीच्या स्टुडिओत मोठी सीरिज सुरू करणार होता. त्याला चित्र हवं होतं जुन्या सिनेमास्कोपसारखं, ऐसपैस. त्यासाठी बंद पडलेल्या थिएटरच्या प्रोजेक्टरमधली, चित्र आडवं रुंद करणारी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स मिळवून त्याने ती साध्या लेन्सच्या पुढे बसवली आणि कॅमेऱ्यासकट इथे आणून ठेवली. पण मग दोन्ही लेन्सच्या रिंगा एकाच वेळी, वेगवेगळ्या मापाने फिरवाव्या लागतात. एक जरा मागे राहिली की चेहरा गेला. म्हणून ही सगळी खटपट. दोन रिंगांना दोन छोट्या मोटारी, आणि दोन्हींना चालवायला हातात धरायची एकच चकती. दातेरी चाकं चंद्रप्रकाशने साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून कापून घेतली. प्रोग्रॅम गंधालीने लिहिला, त्यांच्या लेकीने. मशीन जमलं तर फोकस दादाच करणार, असं सुशांतने कबूल केलं होतं. दिवाळीनंतर दुसऱ्या कुणी चंद्रप्रकाशला बोलावलं नव्हतं. का, ते कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

मशीन जमलं. फक्त चित्र थरथरायचं. गंधालीने वायरी बदलल्या, मोटारी बदलल्या, चकती बदलली. डब्यात पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइलसुद्धा वायरींना गुंडाळून झाली. बदलायचं म्हणून घरात काही उरलं नव्हतं. आणि जे बदलता येत नव्हतं त्याबद्दल बोलायचं नाही, हे तिघांनी न ठरवताच ठरवलं होतं. सुगंधा त्याचा चहाचा कप अर्धाच भरायची. त्याने शर्ट सोडून बिनबटणांचे टी-शर्ट धरले तेव्हा ती म्हणाली होती, "तरुण दिसता हो."

तो आंघोळीला गेला तसा गंधालीने लॅपटॉप पुढे ओढला आणि एक आकडा वाढवला. आता मोटारी चकतीचं लगेच ऐकणार नव्हत्या. बारीकसारीक हलणं गाळून, जरा दमाने फिरणार होत्या.

"आई, आता बरं दिसेल. विचारू नकोस."

सुगंधाने विचारलं नाही.

दुपारी सुशांत आला. "वहिनी, तुम्हीच हिरोईन," म्हणाला. सुगंधाने स्वयंपाकघराच्या दारातून चालत यायचं आणि कॅमेऱ्यासमोर फरशीवर लावलेल्या पट्टीवर थांबायचं.

"लग्नात पण एवढं निरखून बघितलं नव्हतं हो यांनी," ती म्हणाली. सुशांत हसला. चंद्रप्रकाश हसला नाही.

ती चालत आली, थांबली. बाजूच्या स्क्रीनवर तिचा चेहरा धुक्यातच राहिला आणि ती उभी राहून झाल्यावर सावकाश उजळला.

"दादा, लेट येतंय," सुशांत म्हणाला.

"मी वेळेवर फिरवलं. आयुष्यभर वेळेवर फिरवलं. गंधाली, काय केलंस तू?"

"थोडं स्मूद केलं, बाबा."

"कुणी सांगितलं? काढ ते."

"राहू दे ना, मी नंतर..."

"काढ म्हणतो ना!"

गंधालीने आईकडे बघितलं आणि आकडा परत खाली आणला. सुगंधा पुन्हा चालली. या वेळी चेहरा तिच्याबरोबरच आला, अगदी झकास. पण ती थांबली तरी मोटारी थांबेनात. किर्र किर्र करत राहिल्या. तिचे डोळे स्पष्ट व्हायचे, विरायचे, पुन्हा स्पष्ट व्हायचे. सुशांत स्क्रीन सोडून कॅलेंडर वाचायला लागला.

"बघ, परत वायर!" चंद्रप्रकाश म्हणाला. "नाहीतर अंतर चुकलंय. तू धर जरा ही. मी उभा राहतो तिथे."

चकती सुगंधाच्या हातात आली. बरणीच्या झाकणाएवढी. इतक्या महिन्यांत तिने ती कधी धरली नव्हती.

"डावीकडे, आई. अजून. बस."

ती थांबली. स्क्रीनवर त्याचा चेहरा आला. पांढरे खुंट, भुवईजवळचा तीळ, ओठावरचा घाम. आला तो तसाच राहिला. मोटारी गप्प होत्या.

चंद्रप्रकाशने मान वळवून स्वतःला बघितलं.

"बसली वाटतं वायर," तो म्हणाला. "लूज कॉन्टॅक्ट होता."

"हो हो, दादा, लूज कॉन्टॅक्टच," सुशांत घाईघाईने म्हणाला. "होतं असं. सोमवारी या मग सेटवर. सांगून ठेवतो मी."

"माझंच सोल्डरिंग कच्चं होतं," गंधाली लॅपटॉप मिटत म्हणाली.

किती सोपं होतं! सुगंधाला सोमवारचा सेट दिसला. पेटलेले दिवे, त्याच वाटेने पुन्हा पुन्हा चालून कंटाळलेली नटी, आणि वळून बघणारं सगळं युनिट. इतक्या मायेने ते सगळे मिळून त्याला तिथे धाडत होते.

"आण इकडे," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याने उजवा हात पुढे केला, मग तो झटकन खिशात घातला आणि डावा पुढे केला.

सुगंधाने चकती दिली नाही. पोटाशी धरली.

"अगं, आण ना."

"अहो, वायर चांगली आहे," ती म्हणाली. "सोल्डरिंगपण चांगलं आहे. पोरीने सगळं बरोबर केलंय. तुमचा हात कापतो. दिवाळीपासून कापतोय, आणि आपण नुसत्या वायरी बदलत बसलोय."