शिंपीकाकांनी घेतलेले पृथ्वीचे माप

मित्रांनो, मी पृथ्वीचा एक जुना गोल आहे. पोटात हवा, अंगावर कागद आणि जन्मापासून जरा एका बाजूला कललेला. विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी राहतो.

कारखान्यात एका मावशींनी छापील कागदाच्या बारा लांबट पाकळ्या माझ्यावर चिकटवल्या. त्यांचा हात इतका साफ, की एकही समुद्र चुरगळला नाही. कचेरीत आलो तेव्हा माझा मोठा मान होता. "आमचं विमान कुठून जाणार?" असे विचारत जो तो माझ्यावर बोट फिरवी. पुढे संगणक आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धुळीने माझे सगळे महासागर मातकट झाले.

एका सकाळी शिंपीकाका आणि काकू आले. परदेशातल्या त्यांच्या लेकीला पुढच्या महिन्यात बाळ होणार होते. पण काकांच्या पायांना सूज येई. एका बैठकीत दहा तासांहून जास्त प्रवास नको, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"विमानतळ ते विमानतळ आठ हजार किलोमीटर. साडेनऊ तास," तिकीटवाली ताई संगणकात पाहून म्हणाली.

काकांनी खिशातली टेप काढून भिंतीवरचा नकाशा मोजला आणि त्याखाली छापलेल्या प्रमाणाने हिशेब केला. "इथे अकरा हजारांच्या वर भरतंय. तुझं यंत्र चुकतंय, पोरी." मग ते काकूंना म्हणाले, "तू एकटीच जा."

काकूंनी पिशवीतली बाळाची दुपटी उगाच सारखी केली.

ताई स्टुलावर चढली. तिने मला खाली उतरवले आणि पुसले. "काका, आता याचं माप घ्या."

काकांनी दोन्ही शहरांवर टेप ताणून धरली. ती नकाशासारखी आडवी गेली नाही, वरच्या बर्फाळ प्रदेशावरून गेली. एकोणीस सेंटिमीटर! दर सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर धरून ताईने गुणाकार केला. आठ हजार पंचाहत्तर.

काका हसू लागले. "गोल अंगावरचं कापड उकलून सपाट पसरायचं, तर ते ताणलं जाणारच. चाळीस वर्षं मापं घेतोय आणि नकाशाला फसलो."

"आणि येताना?" काकूंनी विचारले.

"अंतर तेवढंच, पण वारा समोरून. साडेदहा तास लागतील. म्हणून वाटेत एक मुक्काम ठेवते."

तीन महिन्यांनी काका नातीचा फोटो घेऊन आले. "नऊ तास वीस मिनिटं," त्यांनी ऐटीत सांगितले. "तेवढ्यात सहा वेळा उठून चाललो. शेजारचा वैतागला."

आता मी पुन्हा टेबलावर असतो. मित्रांनो, मला जरूर फिरवा, पण हळू, भोवळ येते. जुनी वस्तू बाजूला ठेवलीत, तर तिच्यावर एखादे फडके तरी घाला. आणि "किती लांब आहे हो?" असे कुणी विचारले, तर नुसता आकडा सांगून मोकळे होऊ नका. पुष्कळदा त्या माणसाला जायचेच असते, फक्त धीर होत नसतो. त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा.