काचेवरचं कुंकू

मी एक जुना व्होल्टमीटर आहे, मित्रांनो. गव्हाण गावातल्या एका पेट्रोल जनरेटरच्या छातीवर मला बसवलेलं आहे. जनरेटर ओरडतो, धूर काढतो, उचलणाऱ्यांच्या कमरा मोडतो. मी फक्त एक काटा हलवतो. तरी वीज किती दाबाने बाहेर पडते आहे हे त्याला स्वतःला कळत नाही, ते मी सांगतो. कुणाची बाजू घ्यायची मला सवय नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही आणि त्याचं दुःखही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते कमळाकरने आम्हाला पनवेलहून टेम्पोत घालून गावी आणलं तेव्हा. त्याचा मंडप आणि रोषणाईचा धंदा होता. जासई असो की सुकापूर, जिथे हळद तिथे आम्ही. सगळे नाचत असताना कमळाकर मात्र माझ्याकडे टक लावून उभा असायचा. इतकं लक्ष नवरदेवालाही मिळत नसेल.

त्याची एक पद्धत होती. दर दसऱ्याला यंत्राची पूजा करताना तो माझ्या काचेवर, बरोबर दोनशे तीसच्या आकड्यावर, कुंकवाचा ठिपका लावायचा. घरातली वीज तेवढ्याच दाबाची असते. "काटा कुंकवात आला का रेस थांबवायची," असं तो आपल्या मुलीला, प्राचीला, बजावायचा. रेस म्हणजे इंजिनाचा वेग. तो वाढला की विजेचा दाबही वाढतो. लांबून आकडे दिसत नसत, पण लाल ठिपका दिसायचा. पूजेची काच म्हणून ती कुणी कधी पुसली नाही. तेल, हळद आणि धूळ साचून माझे आकडे पार बुजले. आरडाओरडा करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मीही गप्प राहिलो.

मग कमळाकरची फुप्फुसं थकली. धंदा बंद झाला, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि आम्ही गोणपाटाखाली गेलो. गेल्या दसऱ्याला त्याला उठवत नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोने, भामाने, आमची पूजा केली. जुना ठिपका झडून गेला होता. तिने नवा लावला, कपाळावर लावतात तसा मधोमध, चांगला अंगठ्याएवढा. त्याच्याखाली दीडशेचा आकडा होता, हे तिला कुठून कळणार?

दिवाळीनंतर एका दुपारी लाइट गेली. प्राची जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी करते, पण त्या दिवशी तिची सुट्टी होती. धूर घरात जाऊ नये म्हणून तिने आम्हाला अंगणात ओढलं, इंजिन चालू केलं आणि काटा कुंकवात येईपर्यंत रेस दिली. पण बल्ब पिवळट पेटला आणि ऑक्सिजनचं मशीन किंचाळून बंद पडलं.

"पेट्रोल संपला का गो?" भामाने विचारलं.

पेट्रोल होतं. प्राचीने वायर बदलली, पिना घासल्या. काही फरक पडेना. "आई, काटा तर कुंकवात हाय! ऑक्सिजनचा मशीनच बिघडला वाटतं." तिने रुग्णवाहिकेला फोन केला. ती उरण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकली होती. खिडकीतून कमळाकरची धाप ऐकू येत होती. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. खरा आकडा मी दाखवत होतो आणि तो कुणाला दिसत नव्हता.

प्राचीने इंजिन बंद केलं. माझा काटा शून्यावर जाऊन टेकला. पुन्हा चालू केलं, तो पुन्हा कुंकवात आला. ती थबकली. "काटा खोटा नाय, आई. या कुंकवाखाली आकडा कुठला हाय?" आणि तिने फडका उचलला.

भामाने तिचा हात धरला. "नको गो! तुजा बापूस आत असा पडलाय आनि तू कुंकू पुसतेस?"

खिडकीतून तुटक आवाज आला. "भामा... तुज्या कपालावर हाय ना... मंग पुस."

भामाने डोळे मिटले आणि पदराने काच स्वतःच पुसली.

"दीडशे!" प्राची ओरडली. तिने रेस वाढवली. काटा दोनशे तीसवर आला आणि बल्ब पांढरा झाला. तिने मशीनची पिन पुन्हा लावली. ते एकदा वाजलं आणि घरघरत चालू राहिलं. हळूहळू खिडकीतली धाप कमी झाली.

भामाच्या बोटांना कुंकू लागलं होतं. ते कुठे झटकावं तिला कळेना. शेवटी ती आत गेली आणि तिने ते कमळाकरच्या कपाळाला लावलं.

"मी काय जनरेटर हाय का गो?" तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांची पूजा जरूर करा, आम्हालाही बरं वाटतं. फक्त आमची काच मोकळी ठेवा आणि अधूनमधून पुसत जा. यंदाच्या दसऱ्याला कमळाकर नाकात नळी घालून ओट्यावर खुर्चीत बसला होता. भामा कुंकवाची वाटी घेऊन माझ्यासमोर आली आणि अडली. "टाकीला लाव," तो म्हणाला. तिने पेट्रोलच्या टाकीला लावलं.